गिटारच्या टाचेत स्क्रू घालण्याआधी

अकूस्टिक गिटारच्या बुडाशी, बॉडीच्या अगदी मागच्या टोकाला, एक लहानशी खुंटी असते. तिला एंड पिन म्हणतात आणि पट्ट्याचे एक टोक तिच्यात अडकते. दुसऱ्या टोकाची सोय मात्र कित्येक गिटारींवर कारखान्यातून केलेलीच नसते. माझी गिटार त्यांपैकीच एक. ती ड्रेडनॉट घाटाची आहे, वरची फळी स्प्रूसची आणि मान महोगनीची. आणि मानेचा जो भाग खाली उतरून बॉडीला जुळतो, ज्याला टाच म्हणतात, तो पूर्णपणे कोरा होता. त्या टाचेत स्क्रू घालून पट्टा अडकवायचे बटण बसवावे की गिटार आहे तशीच राहू द्यावी, हा प्रश्न बरेच दिवस माझ्या मनात घोळत होता. त्याचे उत्तर शोधताना जे कळले ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण असे भोक बुजवता येते, पण नाहीसे करता येत नाही.

मी सांगलीतल्या एका शाळेत संगीत शिकवते. सकाळच्या परिपाठाला प्रार्थना आणि समूहगीत असते, आणि त्या वेळी मुले मैदानावर रांगांत उभी असतात. अशा वेळी मुलांना ताल नुसता ऐकू येऊन भागत नाही, तो दिसावाही लागतो. गिटारवरचा उजवा हात खाली येताना दिसला की तिसरीतले मूलसुद्धा नेमक्या जागी शब्द उचलते. मी खुर्चीवर बसून वाजवले की पुढच्या दोन रांगांपलीकडे हा हात कुणालाच दिसत नाही आणि मागची मुले गाण्यात मागे पडू लागतात. त्यामुळे उभे राहून आणि शक्यतो रांगांमधून फिरत वाजवणे ही माझी खरी गरज होती. जो वादक कायम बसूनच वाजवतो त्याने या प्रश्नात पडण्याचे काही कारण नाही.

टाचेला बटण नसेल तर पट्ट्याचे दुसरे टोक हेडस्टॉकला, म्हणजे मानेच्या टोकाच्या सुराच्या खुंट्या असलेल्या भागाला, बांधायचे, ही जुनी आणि सर्वमान्य रीत आहे. नट, म्हणजे तारा जिच्यावरून खुंट्यांकडे जातात ती पट्टी, आणि पहिल्या दोन खुंट्या यांच्यामधल्या जागेत, तारांच्या खालून, एक मजबूत नाडी ओवायची आणि तिची गाठ मारायची. मीही आधी तेच केले आणि ती रीत मुळातच वाईट आहे असे मी म्हणणार नाही. गिटारला काही होत नाही, खर्च जवळजवळ नाही आणि नको वाटले तर नाडी सोडून ठेवता येते. अशाने मान वाकते, अशी भीती अनेक जण घालतात. ती मला पटत नाही. बारा ते त्रेपन्न जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागांत), म्हणजे नेहमीच्या हलक्या तारांचा संच सुरात लावला की त्यांचा एकत्रित ताण ७० किलोंच्या आसपास जातो, आणि मान तो ताण वर्षानुवर्षे सोसते. दोन किलोंच्या आसपास वजन असलेल्या गिटारचा पट्ट्यावर पडणारा भार त्यापुढे फार किरकोळ आहे. वाजवताना पट्टा जोरात खेचला गेला तर सूर किंचित हलल्यासारखा वाटतो हे खरे, पण गाण्याच्या साथीला त्याने बाध येत नाही.

माझी अडचण वेगळी होती. पट्टा हेडस्टॉकपासून थेट खांद्याकडे जातो, म्हणजे तो मानेच्या वरच्या अंगाने डाव्या हाताच्या शेजारून तिरका धावतो. मी एका जागी उभी असेन तोवर त्याचा त्रास नाही. पण चालताना, वळताना, मागच्या रांगेतल्या एखाद्या मुलाकडे वाकताना मनगट त्या पट्ट्याला लागते आणि पहिल्या तीन फ्रेटवरच्या (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवरच्या) कॉर्ड सफाईने बदलता येत नाहीत. दुसरे असे की दोन्ही आधार गिटारच्या दोन टोकांना असल्याने सगळे वाद्य खांद्यावर आडव्या ओझ्यासारखे लोंबते, अंगाला चिकटत नाही, आणि अंग वळले की हेडस्टॉक मुलांच्या डोक्यांवरून फिरतो. लहान मुलांच्या घोळक्यात ही गोष्ट मला धोक्याची वाटली, आणि टाचेचा विचार मी गंभीरपणे करू लागले तो या कारणाने.

कारखानदार हे बटण आधीच का बसवत नाहीत, असे कुणालाही वाटेल. गिटार मुळात बसून वाजवायचे, दिवाणखान्यातले वाद्य. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीची सुरुवात १८३३ ची. त्या काळच्या लहान बांध्याच्या गिटारी मांडीवर घेऊनच वाजवल्या जात. ड्रेडनॉट हा मोठ्या बॉडीचा घाट मार्टिनने १९१६ मध्ये डिटसन या दुकानासाठी प्रथम बनवला आणि १९३१ पासून स्वतःच्या नावाने विकायला काढला. १९२९ मध्ये चौदाव्या फ्रेटला बॉडी जुळणारी ओएम गिटार आली, तीही पेरी बेक्टेल या बॅन्जोवादकाच्या मागणीवरून, कारण बॅन्जोवाल्यांना लांब मोकळ्या मानेची सवय होती. पुढे रेडिओवर आणि रंगमंचावर उभे राहून गाणाऱ्या काउबॉय गायकांनी हीच मोठी वाद्ये गळ्यात अडकवली. जीन ऑट्रीसाठी मार्टिनने पहिली डी-४५ बनवली ती १९३३ मध्ये. म्हणजे घाट आधी ठरला आणि उभे राहून वाजवणे मागून रुजले, आणि पट्ट्याची सोय नाडीवर भागत गेली. आजही बटण नेमके कुठे हवे याबद्दल वादकांमध्ये एकमत नाही. ज्याला ते नकोच आहे त्याच्या हातात भोक पडलेली गिटार देण्यापेक्षा कोरी टाच देणे सोयीचे, असा हिशेब कारखान्यांचा असावा असे मला वाटते, आणि तो मला अयोग्य वाटत नाही.

जागेचा प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे आणि त्याचा विचार भोकाच्याही आधी करायला हवा. टाचेवर बटणासाठी तीन जागा संभवतात. पहिली पाठीमागची, टाचेच्या टोपीवर, म्हणजे वादकाच्या छातीकडे तोंड करून. दुसरी वरच्या कुशीवर, जाड तारांच्या बाजूला. तिसरी खालच्या कुशीवर, बारीक तारांच्या बाजूला, जी समोर बसलेल्याला सहसा दिसतही नाही. तिन्हींचा अंदाज ड्रिल न लावता घेता येतो, आणि ज्यांना हे बटण बसवायचे आहे त्यांनी तो घ्यावाच असे मी आग्रहाने सांगेन.

मी आरशासमोर उभी राहिले, पट्टा एंड पिनला अडकवून खांद्यावर घेतला आणि त्याचे मोकळे टोक माझ्या भाचीने एकेका जागी अंगठ्याने घट्ट दाबून धरले. टोपीवर टोक धरले की गिटारची वरची फळी हळूहळू जमिनीकडे वळू लागली. आधार पाठीकडे आणि वजन पुढे, त्यामुळे वाद्य छातीपासून पुढे कलते आणि ते सावरायला उजव्या हाताचे कोपर बॉडीवर दाबून ठेवावे लागते. जो हात मोकळेपणाने ताल द्यायला हवा तोच अडकून पडतो. वरच्या कुशीवर कल कमी झाला, पण पट्टा बटणाच्या सरळ रेषेत बाहेर ओढला जात होता, म्हणजे चामड्याचे भोक बटणावरून निसटायला मोकळे. खालच्या कुशीवर मात्र पट्टा टाचेच्या मागून वळसा घेऊन खालून वर आला, टाच त्या वळशात विसावली आणि गिटार पोटाशी सपाट बसली. भाची म्हणाली, “मावशी, आता तू हात सोडलास तरी ती हलत नाहीये.” मी दोन्ही हात खाली सोडून पाहिले, तर खरोखरच मान आडवी राहिली.

या जागेचा तोटाही आहे. पट्ट्याची चामडी जीभ टाचेभोवती येते आणि बाराव्या फ्रेटच्या पुढे बोटे न्यायची झाली तर तळहाताची कड तिला घासते. ज्याच्या गिटारला बॉडीत खाच आहे आणि जो वरच्या फ्रेटवर सोलो वाजवतो त्याने हा विचार जरूर करावा. माझे सगळे वादन पहिल्या पाच-सात फ्रेटमध्ये होते, त्यामुळे मला त्याची फिकीर नव्हती. टोपीवरचे बटण आणखी एका कारणाने मला नको होते: ते सेंटिमीटरभर पुढे येते, आणि बेताच्या मापाच्या कडक पेटीत गिटार ठेवली की ती सगळी त्या बटणावर टेकते.

जागा ठरली, पण त्या जागेखाली लाकडात काय दडले आहे हे मला माहीत नव्हते, आणि खरी भीती त्याचीच होती. यासाठी मी मिरजेला गेले. मिरज सांगलीला लागून, आणि तंतुवाद्यांच्या कारागिरीसाठी महाराष्ट्रभर नाव असलेले गाव. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथे सतारी घडवणारे आणि गिटारीही दुरुस्त करणारे एक वयस्क कारागीर आहेत, त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. मी बटणाचे सांगितले तेव्हा त्यांनी हत्याराला हातही लावला नाही. तारा सैल करून त्यांनी गिटारच्या पोटात एक छोटा आरसा आणि टॉर्च घातली आणि मला म्हणाले, “बाई, भोक पाडायला दोन मिनिटं लागतात. आधी आत बघा, मान कशानं धरलीय.”

मान बॉडीला सहसा दोन प्रकारे जोडलेली असते. एका प्रकारात डवटेलची, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखी पसरट, खाच असते आणि सरसाने ती पक्की केलेली असते. मार्टिनच्या नेहमीच्या गिटारी अशा असतात. दुसऱ्या प्रकारात बॉडीच्या आतल्या ठोकळ्यातून बोल्ट टाचेत जातात. टेलर कंपनीने ही पद्धत रूढ केली आणि आता मध्यम किमतीच्या पुष्कळ गिटारींत ती दिसते. माझ्या गिटारच्या आतल्या ठोकळ्यावर षट्कोनी खाचेचे दोन बोल्ट, एकाखाली एक, आरशात स्पष्ट दिसले. हे बोल्ट टाचेच्या ऐन मध्यरेषेवर आत शिरतात आणि तिथे बसवलेल्या धातूच्या आट्यांत पक्के होतात. आता बटणाचा स्क्रू साधारण ३० मिलिमीटर लांब असतो, त्यातले १० मिलिमीटर बटणातच जातात आणि २० मिलिमीटर लाकडात उतरतात. माझी टाच त्या जागी ३२ मिलिमीटर रुंद भरली, म्हणजे मध्यरेषा कडेपासून १६ मिलिमीटरवर. स्क्रू ती ओलांडणार हे उघड होते. अंदाजाने भोक पाडले असते तर ड्रिलचे टोक थेट धातूवर जाऊन आदळण्याची शक्यता होती, आणि ते वाकडे होऊन टाचेचे पापुद्रे उडाले असते.

चाचांनी खालच्या बोल्टची गिटारच्या पाठीपासूनची उंची आतून पट्टीने मोजली, पाठीच्या फळीची जाडी तीत मिळवली आणि ते माप बाहेर टाचेवर पेन्सिलने काढले. मग त्या खुणेपासून पुरेसे खाली, टोपीच्या दिशेने आणि बॉडीपासून थोडे दूर, असा एक ठिपका काढला. तिथे आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली जी मी इतकी वर्षे गिटार हातात घेऊनही नीट पाहिली नव्हती. टाच एका अखंड लाकडाची नव्हती. लाकडाचे थर एकावर एक चिकटवून ती उंची साधलेली होती आणि दोन थरांमधली बारीक रेघ पॉलिशखालून नखाएवढ्या अंतरावर दिसत होती. अशा सांध्याच्या रेघेवर स्क्रू घातला तर तो पाचरीसारखा दोन थर उलगडायला बघतो, म्हणून ठिपका थराच्या मधोमध सरकवला.

लाकडाच्या रेषांचाही इथे संबंध आहे. मानेचे तंतू हेडस्टॉकपासून टाचेपर्यंत लांबीत धावतात. कुशीतून किंवा टोपीतून घातलेला स्क्रू या तंतूंना आडवा जातो आणि त्याचे आटे तंतूंना नीट पकडतात. टाचेच्या समोरच्या निमुळत्या कडेवर, मानेच्या लांबीच्या दिशेने स्क्रू घातला तर तो तंतूंच्या टोकांत शिरतो, तिथे पकड कमी मिळते आणि समोर बोल्टही आडवे येतात. ती जागा कुणीही निवडू नये. चाचा आयुष्यभर तून लाकडावर काम करत आले आहेत. तून आणि महोगनी दोन्ही एकाच कुळातली, आपला कडुनिंबही त्याच कुळातला, आणि या लाकडांत स्क्रू चांगला धरतो, मात्र भोक न पाडता पिळला तर लाकूड फुटते, असे त्यांनी हाताखालच्या अनुभवाने सांगितले.

इतके झाल्यावरही मी लगेच होकार दिला नाही. गिटार घरी आणली आणि दोन गोष्टींची खात्री करून घेतली. दुकानदाराला विचारले की टाचेत भोक पाडल्यास वॉरंटीचे काय. मुदत संपत आली होती, त्यामुळे तो मुद्दा निकालात निघाला. दुसरे म्हणजे, ही गिटार मी कधी विकणार आहे का, याचा विचार केला. जुन्या, मौल्यवान वाद्यात एक स्क्रूसुद्धा त्याची किंमत कमी करतो, आणि तसे वाद्य माझ्याकडे असते तर मी नाडीवरच समाधान मानले असते. ही गिटार मात्र कामाची आहे, रोज सकाळी धुळीत आणि उन्हात उभी राहणारी, आणि ती माझ्या हाती राहावी अशीच माझी इच्छा आहे. मी होकार कळवला.

प्रत्यक्ष काम थोडक्यात आटोपले. ठिपक्यावर मास्किंग टेप चिकटवली, टोच्याने बारीक खळगा केला. ड्रिल आधी उलट फिरवून फक्त पॉलिशचा थर कापला, त्यामुळे कडेचा एकही टवका उडाला नाही. नंतर सरळ फिरवून स्क्रूपेक्षा बारीक, अडीच मिलिमीटरचे भोक पाडले. किती खोल जायचे याची खूण म्हणून ड्रिलच्या पात्यालाच टेपचा झेंडा गुंडाळला होता, आणि तो लाकडाला टेकताच हात थांबला. स्क्रूच्या आट्यांना मेण लावले, बटणाखाली फेल्टची चकती घातली आणि शेवटचे वेढे हातानेच, स्क्रू ड्रायव्हरने, सावकाश दिले. भोकातून निघालेला भुसा तांबूस आणि कोरडा होता, आणि चाचांनी तो तळहातावर घेऊन पाहिला, कारण भुशाचा रंग मध्येच बदलला तर टाचेत दुसरेच लाकूड लागले असे समजते.

आता परिपाठाला गिटार पोटाशी बसते, हेडस्टॉक माझ्याच ताब्यात राहतो आणि मी रांगांमधून फिरते. डाव्या हाताला पट्टा लागत नाही हा फरक पहिल्याच दिवशी जाणवला. एंड पिनवरून पट्टा निसटू नये म्हणून तिकडच्या टोकाला जाडसर चामड्याचा, घट्ट भोकाचा पट्टा घेतला. बटणावर रबरी चकत्याही मिळतात, पण नायट्रो (नायट्रोसेल्युलोज) पॉलिशच्या गिटारींवर रबराचा डाग पडू शकतो, तेव्हा पॉलिश कोणते आहे हे पाहूनच त्या वापराव्यात. सांगलीचा उन्हाळा कोरडा. एप्रिलमध्ये लाकूड आकसले तेव्हा बटण बोटाने किंचित फिरू लागले आणि ते स्क्रू ड्रायव्हरने थोडे आवळावे लागले. पावसाळ्यात ते आपोआप घट्ट झाले. उन्हाळ्यात आवळताना जोर लावू नये, कारण आटे एकदा झिजले की भोक सरस आणि लाकडी खुंटीने भरून पुन्हा पाडावे लागते.

माझे पाहून कोल्हापूरच्या माझ्या मावसभावानेही त्याची गिटार आणली, आणि तिला मी बटण लावू दिले नाही. ती स्वस्तातली, कॉलेजच्या काळातली गिटार, आणि तिच्या टाचेच्या व पाठीच्या सांध्यात वहीचा कागद सहज आत सरकत होता. म्हणजे तारांच्या ताणाने मान पुढे खेचली जाऊन जोड सुटू लागली होती. अशा टाचेवर पट्ट्याचे वजन टांगले तर तोच सांधा आणखी उघडण्याची भीती. आधी मान काढून पुन्हा बसवून घे, आणि तो खर्च गिटारच्या किमतीपेक्षा जास्त होत असेल तर नाडी बांध, असे मी त्याला सांगितले. त्याने नाडी बांधली आहे, आणि तो घरात बसून वाजवतो तेवढ्याला ती पुरते.